भट्टीच्या पैशावर जेवते, मग बोलू कुठल्या तोंडानं?

वाचकाचं पत्र

मावशी, नमस्कार.

मी कोल्हापुरात ताराबाई पार्कात राहते. वय ४१. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मिस्टर बघतात. पूर्वी कोकवर चालणारा क्युपोला होता, आता विजेवरची इंडक्शन भट्टी आहे. महिन्याला दोनशे टनांच्या आसपास लोखंड वितळतं. साठेक कामगार आहेत. कागदोपत्री मीही भागीदार आहे. चेकवर आणि बँकेच्या कागदांवर सह्या करते, बाकी कारखान्यात माझं काही चालत नाही.

माहेर शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. २०१९ ला घरात पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं. दुसऱ्या खेपेला मागची भिंत गेली. वडिलांनी हाय खाल्ली आणि वर्षभरात गेले. गेल्या राखीपौर्णिमेला भाऊ चेष्टेत म्हणाला, "तुमच्या भट्ट्यांचा धूर वर जातोय आणि पाणी आमच्या उंबऱ्यात येतंय." सगळे हसले. मला तेव्हापासून पाऊस वाजायला लागला की झोप येत नाही.

मी माझ्या खोलीतला एसी बंद केला. जवळचं काम असलं की केएमटीच्या बसनं जाते. घरात कोण काय वापरतं यावर लक्ष ठेवते, बोलतेही. दहावीतला मुलगा म्हणतो, "आई, तू रात्रभर एसी बंद ठेवून वाचवलेली वीज पप्पांची भट्टी दोन मिनिटांत खाते." मिस्टर म्हणतात, "आपण एकट्यानं बंद केलं म्हणून पाऊस थांबणार हाय व्हय?" नणंदेनं दिवाळीत सगळ्यांनी दुबईला जायचं काढलंय. मी येणार नाही म्हटलं, तर घरात अबोला आहे.

भट्टीच्या पैशावर जेवायचं आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं, हे ढोंग नाही का? भावाच्या घरातल्या पाण्याला मी जबाबदार आहे का?

– तुमची एक वाचक

ता. क. माझं मन रमावं म्हणून मिस्टर नदीच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये माझ्या नावानं एक एकर जागा घेतायत, गोडाऊनसाठी. इसार दिलाय, भराव टाकायचं काम चालू आहे. पण माझं त्यात लक्षच लागत नाही.

मावशींचं उत्तर

ताई,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. तिच्याकडं शेवटी येते, कारण तिथं मला जास्त बोलायचं आहे. आधी भाऊ काय म्हणाला ते बघू.

चेष्टेत बोलला असला तरी तो वाऱ्यावरचं बोललेला नाही. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपेक्षा जग आता एक अंशाहून जास्त तापलेलं आहे. अरबी समुद्रही तापलाय. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली १९५० ते २०१५ पर्यंतच्या पावसाचा हिशेब मांडला. देशाच्या मधल्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिप्पट झाल्याचं त्यात निघालं. एकूण पाऊस वाढला असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पडतो तेव्हा तुटून पडतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कृष्णा तिथूनच निघते आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तिला मिळते. तुमच्या माहेरच्या मागच्या भिंतीपर्यंत ते पाणी कसं आलं हे तुम्हाला नकाशा न बघता कळेल.

पण त्या पुरात फक्त आभाळ नव्हतं. धरणांतलं पाणी कधी आणि किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा किती, यावर आपल्याकडं दर पावसाळ्यात भांडणं होतात. नदीच्या पात्राकडेला झालेली बांधकामं आहेत. महामार्गाच्या भरावानं पाणी तुंबतं ही तक्रार तर शिरोलीपासून शिरोळपर्यंत कुठल्याही चहाच्या गाड्यावर ऐकायला मिळेल. तेव्हा भट्टी पेटली आणि उंबऱ्यात पाणी आलं, अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

तरीही रेघ आहे. किती जाड, ते बघू. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. दोनशे टनांना एक लाख वीस हजार. आपल्याकडची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, म्हणजे एका युनिटमागं साधारण पाऊण किलोला जरा कमी कार्बन डायऑक्साइड. तुमच्या भट्टीचे महिन्याला चौऱ्याऐंशी टन झाले, वर्षाला हजाराच्या घरात. सरासरी भारतीय माणसाचे वर्षाला दोन टन धरतात. म्हणजे तुमची एक भट्टी पाचशे माणसांच्या गावाएवढी. आणि साऱ्या जगाचा आकडा आहे वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास, त्यात तुमचा वाटा पावणेचार कोटींत एक. मिस्टर हा दुसरा आकडा धरून बसलेत आणि निवांत झोपतात. तुम्ही पहिला धरलाय. (चिरंजीवांचा हिशेबही करून बघितला. दोन मिनिटं अगदी बरोबर आहेत. पोरगा हुशार आहे, त्याला कामाला लावा. कसं ते पुढं सांगते.)

क्युपोला काढून इंडक्शन घेतली म्हणून आपण सुटलो, असं शिरोलीत बरेच जण समजतात. धूर डोळ्यांना दिसायचा तो गेला, शेजारपाजारची पोरं खोकायची थांबली, हे खरंच आणि चांगलंच झालं. पण कोकचा धूर तुमच्या चिमणीतून निघायचा तो आता कुठल्यातरी औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो. टनामागचा हिशेब केला तर फार फरक पडलेला नाही.

एवढं सांगूनही मी तुम्हाला दोषी म्हणणार नाही. आजवर हवेत साठलेल्या कार्बनपैकी चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपल्या एवढ्या मोठ्या देशाचा तीन-चार टक्के. सामान्य माणसानं स्वतःचा 'कार्बन फूटप्रिंट' मोजावा ही टूम जगभर पसरवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता. २००४ साली तिनंच लोकांना त्यासाठी कॅल्क्युलेटर दिला. तेल विकणारा गिऱ्हाईकाला विचारतो, तुझी चूक किती? त्या प्रश्नाचं उत्तर देत बसलेल्या बायका मी कोल्हापुरात बघितल्यात. प्लास्टिकच्या पिशवीवरून भाजीवाल्या म्हातारीला झापतात. तिचा वर्षाचा धूर यांच्या एका गाडीएवढाही नसेल.

आणि वडिलांचं जाणं या हिशेबात घालू नका. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढं गेलात. पुढच्या 'झोप येत नाही' मध्ये मला तेच दिसलं. भिंत पडलेली बघून माणूस खचतो. त्याचं दुःख करायचं असतं, त्याची पावती फाडायची नसते. कधीतरी भावाबरोबर बसून वडिलांविषयी बोला. भट्टी आणि धूर मध्ये न आणता.

आता ढोंगाचं. कोल्हापूर भट्टीवर उभं आहे. म्हादबा मिस्त्री या जुन्या कारागिरापासून इथल्या माणसानं इंजिन उघडून बघितलं आणि तसंच दुसरं केलं. उद्यमनगर त्यातून उभं राहिलं. पंप, ट्रॅक्टर, ब्रेक ड्रम, कुठं ना कुठं कोल्हापूरचं ओतीव लोखंड असतंच. तुमच्या भावाच्या शेतातल्या मोटारीतही असेल. तो ऊस तुटल्यावर पाचट पेटवत असेल, तर त्याचाही धूर वर जातोच. युरिया भरमसाट टाकत असेल, तर त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त तापवतो. (हे त्याला पुढच्या राखीपौर्णिमेला ऐकवायचं नाही हं. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही सांगत नाही.) सांगायचं एवढंच, की हात स्वच्छ असलेल्यानंच बोलायचं असं ठरवलं तर बोलायला कोणी उरणार नाही. भट्टीच्या पैशावर जेवणं हे ढोंग नव्हे. भट्टीत काय चाललंय ते बघायचं नाही आणि घरातल्या एसीवर पहारा ठेवायचा, हे मात्र ढोंगाच्या जवळ जातं. रागावू नका.

"कारखान्यात माझं काही चालत नाही" असं तुम्ही लिहिता. त्याच वाक्याच्या आधी लिहिता, मी सह्या करते. ताई, बँक तुमच्या सहीशिवाय कर्ज देत नाही. भागीदाराला हिशेब मागायचा हक्क असतो. तुम्ही तो आजवर वापरला नाही, कारण वापरायची वेळ आली नाही आणि घरात तशी पद्धत नाही. मला वाटतं, माणसाची जबाबदारी शोधायची तर त्याची सही कुठं कुठं लागते ते बघावं. जगातल्या ३७ अब्ज टनांवर तुमची सही नाही. नणंदेच्या तिकिटावर नाही. मुलाच्या खोलीतल्या एसीवरही खरं तर नाही. भट्टीच्या कर्जावर आहे.

म्हणून पहिलं काम: गेल्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं मागा आणि त्याच महिन्यांचं वितळलेलं टनेज मागा. एकाला दुसऱ्यानं भागा. टनामागं किती युनिट जातात ते बाहेर येईल. हे काम मुलाला द्या, कागदावर तक्ता काढू दे. पण एक लक्षात ठेवा, बिलात कॉम्प्रेसर, ग्राइंडिंग, दिवे सगळंच येतं, म्हणून आकडा सहाशेच्या बराच वर दिसेल. मग कुठं किती, ते शोधायचं.

फौंड्रीत वीज कुठं सांडते हे तुमच्या मेल्टिंगच्या माणसाला तुमच्या मिस्टरांपेक्षा जास्त ठाऊक असतं. भट्टीचं झाकण उघडं ठेवून हीट धरून ठेवली, मोल्ड, म्हणजे साचे, तयार नाहीत म्हणून वितळलेला माल तसाच उकळत ठेवला, की वीज आभाळात गेली. कॉम्प्रेसरच्या पाइपातून हवा फुसफुसत असते. नीट देखभाल नसलेल्या कारखान्यात पाचवा-चौथा हिस्सा हवा अशीच गळते, आणि ती हवा विजेवर दाबलेली असते. सगळ्यात वाईट म्हणजे रिजेक्शन. कास्टिंगला भोक निघालं की ते परत भट्टीत. एकच लोखंड दोनदा वितळवायचं आणि विकायचं एकदा. रिजेक्शन दोन-तीन टक्क्यांनी खाली आलं, झाकण आणि गळती यांचं बघितलं, तर पाच टक्के वाचवणं अशक्य नाही. चौऱ्याऐंशी टनांतले पाच टक्के म्हणजे महिन्याला चार टन. मुंबई-दुबई विमानानं जाऊन-येऊन एका माणसामागं तीन-चारशे किलो होतात. म्हणजे तुम्ही एक दुबई सोडलीत आणि भट्टीत दर महिन्याला दहा दुबया जातायत. ज्या गोष्टीवरून घरात अबोला आहे तिच्यापेक्षा जास्त मोठी गोष्ट झाकण उघडं ठेवून पडली आहे.

सोलरचं सांगते, कारण मिस्टर ते बोलून दाखवतीलच. शेडच्या पत्र्यावर शंभर किलोवॅटचं बसवलं तर वर्षाला एक लाख चाळीस हजारांच्या आसपास युनिट मिळतील. तुमच्या भट्टीला लागतात चौदा लाखांवर. म्हणजे दहावा हिस्सा. दहावा हिस्सा कमी नाही, पण पत्र्यावर निळ्या पाट्या दिसल्या की आपण हरित झालो असा फलक गेटवर लावतात, त्याला हसायची तयारी ठेवा. आणि कोणी "जोतिबाच्या डोंगरावर झाडं लावू" म्हणालं, तर जरूर लावा, डोंगराला हवीच आहेत. फक्त भट्टीच्या हिशेबात धरू नका. मोठं झालेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड ओढतं असा ढोबळ अंदाज आहे. तुमचे हजार टन फेडायला पन्नास हजार झाडं लागतील, मोठी झालेली. बकऱ्या आणि वणवे वगळून.

हे मिस्टरांशी बोलताना पूर, भाऊ, पृथ्वी, पुढची पिढी यातलं काही काढू नका. टनामागं युनिट एवढंच बोला. युरोपनं ऑक्टोबर २०२३ पासून बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलादाचा कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे आणि मोठ्या वाहन कंपन्या पुरवठादारांना तेच विचारू लागल्या आहेत. स्मॅक किंवा गोशिमा या कारखानदारांच्या संघटनांच्या बैठकीला जाणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं, फक्त बायको त्याच्याशी या विषयावर बोलू शकते हे ठाऊक नसतं. तुम्ही म्हणाल, मग हे पैशासाठी झालं, विवेकाचं काय? मला त्यात काही गैर दिसत नाही. चार टन कमी झाले की कमी झाले. कुणी कुठल्या हेतूनं कमी केले हे हवेला कळत नाही. सद्सद्विवेकाची कसोटी जिथं फायदा आणि बरोबर एकाच दिशेला असतात तिथं लागत नसते.

"एकट्यानं काय होतं" याला उत्तर काय द्यावं, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. कोल्हापुरात राहून हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटतं. आपल्याकडं पंचगंगेच्या स्मशानात महापालिका अंत्यविधीला पैसे घेत नाही आणि लोक ट्रॉल्या भरून शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान देतात. एका शेणीत एकही माणूस जळत नाही. देणारा ते जाणतो आणि तरी देतो, कारण बाकीचेही देतात. गणपती नदीत न सोडता दान द्यायची पद्धत इथं अशीच रुजली. आधी चारजण हसले, मग इराणी खणीवर रांगा लागल्या. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी तर सारं शहर रस्त्यावर होतं आणि टोल गेला. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलला भट्ट्या काय एकट्या तुमच्याच आहेत? एका भट्टीचा टनामागं युनिटचा तक्ता पुढच्या शेडवाल्याला दाखवता येतो. तो खाजगीत हसेल आणि महिन्याभरानं स्वतःचा काढेल, कारण शेजाऱ्यापेक्षा आपलं बिल जास्त आहे हे कोल्हापूरच्या माणसाला सहन होत नाही.

फळ डोळ्यांनी दिसेल का? नाही दिसणार. हवेत गेलेला कार्बन शेकडो वर्षं राहतो. शाहू महाराज १९२२ साली गेले तेव्हा त्यांनीच हाती घेतलेलं राधानगरीचं धरण अर्धवटच होतं.

कामगारांविषयी तुम्ही फक्त संख्या लिहिलीत, म्हणून विचारते. एप्रिल-मेमध्ये भट्टीपुढं उभा राहणारा कोण आहे? बहुतेक बिहारचा किंवा ओडिशाचा पोरगा असेल. बाहेरचा उन्हाळा वाढला की भट्टीपुढचाही वाढतो. मेल्टिंग पहाटे किंवा रात्री घेता येईल का, पंखे आणि थंड पाणी आहे का, दर तासाला बसायला मिळतं का, हे बघायला भागीदाराला कुणाची परवानगी लागत नाही. एकदा मे महिन्यात दुपारी दोनला शेडमध्ये जाऊन उभ्या राहा. हवामान बदलाचं ओझं कोण वाहतंय हे बघायला शिरोळपर्यंत जायची गरज नाही.

एसी, केएमटी आणि दुबई. तुमच्या खोलीतला एसी बंद ठेवावासा वाटतो तर ठेवा, केएमटीनं जायला आवडतं तर जा. स्वतःचं वागणं आणि बोलणं जुळलेलं असलं की माणसाला बळ येतं, तेवढ्यासाठी ते हवं. पण घरावरचा पहारा आजपासून बंद करा. पहारेकऱ्याचं कोणी ऐकत नाही, त्याची नजर चुकवतात. दुबईला जायचं नसेल तर "मला नको वाटतं, तुम्ही जाऊन या" एवढंच म्हणा आणि त्यांच्या बॅगा भरायला मदत करा. जायचं ठरवलंत तरी मी तुम्हाला पापी म्हणणार नाही. हा प्रश्न तुमच्या घरात वाजवीपेक्षा फार मोठा झालाय, त्याला लहान करा.

आता ती जागा.

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी चहाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली, २०२१ ला ५६ च्या. हे पाणी मावतं कुठं? नदीच्या दोन्ही बाजूंच्या सखल रानात. पूर आला की नदी तिथं पसरते, दम खाते आणि ओसरते. ती रानं रिकामी वाटतात, म्हणून स्वस्त असतात, म्हणून लेआउट पडतात.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. दहा फूट भराव टाकला तर सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरचे बाराशेहून जास्त टँकर. ते पाणी कुठंतरी जाणार. शेजारच्या शेतात चढेल, वरच्या अंगाला आंबेवाडी-चिखलीकडं तुंबेल, ओसरायला जास्त वेळ घेईल. आंबेवाडी-चिखलीच्या माणसांनी किती वेळा जनावरं सोडून घरं सोडलीत हे कोल्हापूरला सांगायला नको. तुमच्या एका एकरानं नदी फुगणार नाही, बरोबर आहे. तिथं घेणारा प्रत्येकजण हेच म्हणतोय आणि डंपर येतायत.

भट्टीच्या बाबतीत तुम्ही पावणेचार कोटींत एक होता, आणि धूर सगळ्या जगात पसरतो. इथं तसं नाही. इथं तुम्ही शंभरात एक असाल, आणि पाणी ज्याच्या घरात शिरेल त्याचं गाव तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय तुम्ही भिंत पडलेली बघितली आहे. न बघितलेल्या माणसाला मी एवढं बोलले नसते.

मिस्टर म्हणतील, भराव बिल्डर टाकतोय, आपण फक्त घेतोय. बिल्डर डंपरला पैसे कुठून देतो? तुमच्यासारख्यांच्या इसारातून. म्हणतील, आपण नाही घेतली तर दुसरा घेईल. घेईलही. म्हणतील, इसार बुडेल. बुडू शकतो, आणि ती रक्कम लहान नसणार, हे मी विसरलेले नाही. इथं फायदा एकीकडं आहे आणि बरोबर दुसरीकडं. भट्टीसारखी दोन्ही हातांत लाडू अशी सोय या जागेत नाही. म्हणून म्हणते, तुमच्या टोचणीचं उत्तर इथं आहे. ती जागा तुमच्या नावावर होणार, सही तुमची लागणार. मी तुमच्या जागी असते तर केली नसती.

ते सांगायचं कसं, हे महत्त्वाचं. सासूबाईंसमोर नको, जेवणाच्या पानावर नको. भावाचं नाव तर अजिबात काढू नका, नाहीतर माहेरचा कैवार घेते म्हणून विषय तिथंच संपेल. कागद मागा. सर्व्हे नंबर घ्या आणि जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर जागा कुठं येते ते स्वतः बघा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये निर्बंध. झोन दाखला मागा, बिगरशेतीचे कागद मागा, भराव टाकायला परवानगी कुणी आणि कुठल्या तारखेला दिली त्याची प्रत मागा. २०१९ आणि २०२१ ला त्या रानात पाणी किती होतं हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, तो खांबावरची खूण दाखवेल. मिस्टरांना बरोबर घेऊन जा, कारण गोडाऊनमधला माल त्यांचा भिजणार आहे.

मग हे सगळे कागद एजंटकडं एकाच वेळी, लेखी मागा. तो बहुतेक म्हणेल, "मॅडम, हे सगळं नंतर मॅनेज होतंय, तुम्ही फक्त सही करा."